हिरव्या फ्रेम्सचा हिशेब : महानगरी इथरनेटमधल्या ‘सेवेच्या गुणवत्ते’ची समीक्षा

 

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला विचारलं होतं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने नेटवर्किंगच्या भानगडीत का पडावं? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की आम्ही आपण होऊन पडलो नाही, पडावं लागलं. कसं ते आधी सांगतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

निवृत्तीनंतर आम्ही एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर काम करतो. रुग्णालयाची मुख्य इमारत शहराच्या एका टोकाला आणि छोटं बाह्यरुग्ण केंद्र दुसऱ्या टोकाला. केंद्रात सोनोग्राफी होते, पण ती चित्रं वाचणारे डॉक्टर मुख्य इमारतीत. म्हणून दोन्ही इमारती जोडणारी एक लाइन भाड्याने घेतली. करार होता ५० मेगाबिटचा, महानगरी इथरनेट सेवेचा. म्हणजे आपल्या ऑफिसमध्ये संगणक जोडणारं जे इथरनेट असतं, तेच शहरभर पसरवलेलं.

लाइन आली आणि तक्रारी सुरू झाल्या. केंद्रातून चित्रं जायला लागली की डॉक्टरांचा व्हिडिओ गोठायचा, आवाज तुटायचा, आणि चित्रंही धड पोचायची नाहीत. एका संध्याकाळी डॉक्टर कंटाळून म्हणाले, “पेशंटलाच इकडे पाठवा.” सातव्या महिन्यातली एक बाई ऐन गर्दीच्या वेळी रुग्णवाहिकेतून शहर ओलांडून आली. सुदैवाने काही वाईट झालं नाही. पण जी लाइन त्या बाईला प्रवास करावा लागू नये म्हणून घेतली होती, तिचं भाडं आम्ही त्याही महिन्यात भरलं.

मंडळाच्या बैठकीत कंपनीचा मासिक अहवाल आला. सगळं हिरवं. फ्रेम गमावण्याचं प्रमाण जवळजवळ शून्य. उशीर ठरल्या मर्यादेत. सरासरी वापर दोन टक्क्यांच्याही खाली. खजिनदार म्हणाले, “अहो, लाइन रिकामी पडलीय, मग अडकते कुठे?” दुसरे एक सभासद म्हणाले, “कंपनी खोटं बोलतेय.” डॉक्टर म्हणाले, “मग मी खोटं बोलतोय का?”

आज आम्हाला सांगायचंय ते हे, की कुणीच खोटं बोलत नव्हतं. आकडे खरे होते, डॉक्टरही खरे होते. तरीही त्या अहवालाने आमची दिशाभूल केली. ही दिशाभूल त्या अहवालामागच्या दस्तऐवजातच बसलेली आहे, आणि आज आपण त्याच दस्तऐवजाची समीक्षा करणार आहोत. एखाद्या कादंबरीची करतो तशी नव्हे, पण वाचायचं तेवढ्याच काळजीने.

आधी थोडा इतिहास. इथरनेटची कल्पना बॉब मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७६ चा. त्या मूळ इथरनेटमध्ये एकच सामायिक तार होती आणि कुणाला कसलंही वचन नव्हतं. तार मोकळी दिसली की बोलायचं. दोघं एकदम बोलले तर थांबायचं, थोडा वेळ वाट पाहायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. एका इमारतीत हे उत्तम चाललं. सगळे एकाच घरचे, तारही घरचीच.

शहरभर पसरल्यावर चित्र पालटलं. आता तार एकाची आणि वापरणारे अनेक. एकाच फायबरच्या कड्यावरून बँक, कॉलेज, रुग्णालय, मोबाइलचा टॉवर, सगळ्यांच्या फ्रेम्स जातात. फ्रेम म्हणजे माहितीचा एक गठ्ठा, साधारण दीड हजार बाइटपर्यंतचा. पैसे देणारा म्हणणार, “मला नक्की काय मिळणार ते लिहून द्या.” यासाठी २००१ मध्ये मेट्रो इथरनेट फोरम ही उद्योगसंस्था स्थापन झाली आणि २००४ मध्ये तिने ‘एमईएफ १०’ हे मानक प्रसिद्ध केलं. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या. आमचा विषय हा दस्तऐवज.

त्याचं श्रेय आधी मान्य करू. नुसतं ‘५० मेगाबिट’ म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. दर सेकंदाला? दर मिलिसेकंदाला? सरासरी की कमाल? या मानकाने ‘मला काय मिळणार’ या प्रश्नाची फोड करून दिली. एक ठरलेला दर, त्या दरावर एकदम किती लोंढा चालेल त्याची मर्यादा. मग एक जादा दर आणि जादा लोंढ्याचीही मर्यादा. शिवाय रंगांविषयीचे दोन नियम. अशी ही सहा कलमं. मोघम बोलण्याला आकार देणं हे मोठं काम आहे, आणि ते या लोकांनी केलं.

या कलमांची अंमलबजावणी होते एका बादलीने. बादली ही आमची उपमा नाही, अभियंत्यांचाच शब्द आहे. कल्पना करा, प्रवेशद्वाराशी एक बादली ठेवलीय. तिच्यात ठरलेल्या दराने टोकन पडत राहतात, एका बाइटला एक टोकन. बादली भरली की वरचे टोकन वाया. फ्रेम आली की तिच्या आकाराएवढे टोकन बादलीत आहेत का ते बघायचं. असतील तर ते वजा करायचे आणि फ्रेमला हिरवा रंग द्यायचा. ती करारातली. नसतील तर दुसरी, जादाची बादली बघायची. तिच्यात पुरेसे टोकन असतील तर रंग पिवळा. म्हणजे जागा असली तर नेऊ, वचन नाही. तिथेही नसतील तर लाल, आणि लाल फ्रेम दारातच टाकून द्यायची.

आता आमच्या रुग्णालयात काय होत होतं ते बघा. दर ५० मेगाबिट. बादली लहान, १२,००० बाइटची. म्हणजे मोठ्या आठ फ्रेम्स बसतील एवढी. जादाची बादली आम्ही घेतलीच नव्हती, पैसे वाचवायला. केंद्रातला संगणक मात्र कंपनीच्या यंत्राला एक गिगाबिटच्या तारेने जोडलेला. चित्र पाठवताना तो ६४ किलोबाइटचा लोंढा एका दमात सोडायचा, साधारण पंचेचाळीस फ्रेम्स. एक गिगाबिटच्या वेगाने हा लोंढा दारात पोचायला लागतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात बादलीत नवे टोकन पडतात तीन हजारांच्या आसपास. आधीचे बारा हजार धरले तर पंधरा हजार. आले पासष्ट हजार बाइट. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश लोंढा दारातच गेला.

आणि याच वेळी सरासरी किती? त्या सेकंदात तेवढा एकच लोंढा आला असेल, तर वापर झाला अर्धा मेगाबिट. कराराच्या एक टक्का. खजिनदारांची रिकामी लाइन ती हीच. डॉक्टरांचा आवाज त्याच बादलीतून जात होता. चित्राने बादली कोरडी केली, की पाठोपाठ आलेली आवाजाची छोटीशी फ्रेमही लाल ठरायची.

हे आम्हाला समजावून सांगितलं एका सभासदांच्या अभियंता मुलीने, कागदावर बादल्या काढून. आमचा पहिला प्रश्न होता, “अगं, मग गमावलेल्या फ्रेम्स अहवालात का नाहीत?” ती म्हणाली, “सर, त्या गमावलेल्या नाहीत. त्या पात्रच नव्हत्या.”

इथे आमचा पहिला आक्षेप सुरू होतो. मानकात फ्रेम गमावण्याच्या प्रमाणाची जी व्याख्या आहे, ती पात्र फ्रेम्सपुरती आहे. पात्र म्हणजे मुख्यतः हिरव्या. लाल फ्रेम दारात टाकली तर ती ना अंशात येते ना छेदात. पिवळी फ्रेम वाटेत हरवली तरी तसंच. न्याय-वैशेषिकांनी अभावाचा फार बारकाईने विचार केला आहे. त्यांचं म्हणणं असं, की अभाव नुसता नसतो, तो नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, त्याला ते प्रतियोगी म्हणतात. ‘इथे घट नाही’ म्हणायचं तर घट ही काय वस्तू आहे ते मान्य असावं लागतं. इथे करार त्या फ्रेमला प्रतियोगी म्हणून मान्यताच देत नाही. मग तिचा अभाव मोजणार कोण? डॉक्टरांच्या पडद्यावर तो अभाव धडधडीत दिसतो, पण अहवालाच्या भाषेत त्याला जागा नाही.

यावर अभियंते म्हणतील, आणि त्या मुलीनेही म्हटलं, की कराराबाहेरच्या फ्रेम्सची जबाबदारी कंपनीने का घ्यावी? बरोबर आहे. पन्नास मेगाबिटचे पैसे देऊन कुणी सतत पाचशे लोटत राहिला, तर ते नुकसान कंपनीच्या माथी मारणं अन्याय होईल. सीमा हवीच. आमचा आक्षेप सीमेला नाही. सीमेवर किती जणांना परत पाठवलं ते न सांगण्याला आहे. बादलीने किती फ्रेम्स टाकल्या याची मोजणी बहुतेक यंत्रांमध्ये होत असते. तो आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर छापायला काय हरकत आहे? तो असता तर खजिनदार आणि डॉक्टर यांच्यात वाद झालाच नसता.

दुसरा आक्षेप काळाविषयी. या मानकात उशीर सांगतात तो शतमानकाच्या भाषेत, म्हणजे ठरलेल्या कालावधीत इतके टक्के फ्रेम्स इतक्या वेळात पोचतील. मानकाच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये आणखी काही वजाबाक्या आहेत. देखभालीसाठी आधी कळवलेला काळ वगळायचा. आणि सेवा ‘अनुपलब्ध’ ठरलेल्या काळातल्या फ्रेम्स उशिराच्या आणि हानीच्या हिशेबात धरायच्या नाहीत, त्यांचा हिशेब उपलब्धतेच्या खात्यात. तांत्रिकदृष्ट्या याला कारण आहे. बंद पडलेल्या लाइनचा सरासरी उशीर काढून काय करणार? पण परिणाम असा होतो, की गुणवत्तेचा आकडा फक्त बऱ्या दिवसांचा उरतो.

उपलब्धता ९९.९ टक्के म्हटलं की ऐकायला छान वाटतं. तीस दिवसांच्या महिन्यात ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटं. ही मिनिटं एका रविवारी पहाटे सलग गेली तर रुग्णालयात कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण रोज सकाळी ओपीडीच्या ऐन वेळेला दीड-दीड मिनिट गेली तर डॉक्टरांना रोज काम थांबवावं लागेल. महिन्याचा आकडा दोन्हीकडे तोच.

वैशेषिकांचा आणखी एक सिद्धांत इथे आठवतो. ते संख्येला गुणच मानतात. चोवीस गुणांच्या यादीत संख्या आहे. म्हणजे गुणवत्ता आकड्यात सांगू नये, असं आपल्या परंपरेत कुणी म्हणणार नाही. पण ते पुढे म्हणतात, की एकत्व वस्तूत असतं, दोनपासून पुढच्या संख्या मात्र अपेक्षाबुद्धीमुळे उत्पन्न होतात. अपेक्षाबुद्धी म्हणजे ‘मला हे हवं’ अशी अपेक्षा नव्हे. ‘हे एक, हे एक’ असं अनेकांना एकत्र धरणारं जे ज्ञान, ते. कुणीतरी एकत्र धरल्याशिवाय ‘दोन’ नाही. मग महिनाभराच्या कोट्यवधी फ्रेम्सना एकत्र धरणारी बुद्धी कुणाची? आज ती कंपनीची आहे. तिने महिना हा एकक निवडला, म्हणून आकडा शांत दिसतो. डॉक्टरांचं एकक आहे एक तपासणी, वीस मिनिटांची. आमचं म्हणणं इतकंच, की कालावधी निवडण्यात रुग्णालयालाही वाटा हवा.

तिसरा आक्षेप ‘गुणवत्ता’ या शब्दालाच. इथरनेटच्या फ्रेमवर प्राधान्य लिहायला तीन बिट असतात, म्हणजे आठ पातळ्या. आवाज वरच्या पातळीवर, व्हिडिओ त्याखाली, रात्रीचा बॅकअप तळाला. याला आपण गुणवत्तेचं व्यवस्थापन म्हणतो. पण या तीन बिटांनी फायबरची क्षमता एका बिटानेही वाढत नाही. रांगेत एकाला पुढे घेतलं की दुसरा मागे जातोच. हे वाटपाचं व्यवस्थापन आहे, तेही टंचाई असतानाच.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. लोकलचा फर्स्ट क्लासचा डबा बाकीच्या गाडीच्या आधी चर्चगेटला पोचत नाही. तिथे गर्दी कमी असते, कारण तिकीट महाग असतं. पॅरिसच्या मेट्रोतही पूर्वी असे पहिल्या वर्गाचे डबे होते. आसनं सारखीच, फक्त भाडं जास्त, म्हणून माणसं कमी. अँड्र्यू ओडलिझ्को या गणितज्ञाने १९९९ मध्ये त्यावरूनच इंटरनेटसाठी ‘पॅरिस मेट्रो’ पद्धतीची दरआकारणी सुचवली होती. त्या सूचनेतला प्रामाणिकपणा आम्हाला आवडतो. गुणवत्तेचा कुठलाही दावा नाही. जास्त पैसे द्या, बहुधा गर्दी कमी लागेल, एवढंच.

मग प्राधान्य निरुपयोगी का? काहींनी तसं म्हटलंय. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या इंटरनेट-टू या जाळ्यावर अशी विशेष सेवा चालवण्याचा प्रयत्न झाला. २००२ मध्ये टायटलबॉम आणि शालुनॉव्ह यांनी ती का रुजली नाही याची कारणं लिहून ठेवली. त्यातला एक मुद्दा असा, की जाळं मोकळं असेल तर विशेष आणि साधी सेवा यांतला फरक दिसतच नाही. आणि गर्दी होऊ लागली तर क्षमता वाढवणं अनेकदा सोपं पडतं. मोठ्या, भरपूर क्षमतेच्या जाळ्यापुरतं हे पटतं. पण आमच्या केंद्राचं दार पन्नास मेगाबिटचंच आहे. ट्रस्टचा पैसा मोजका, दार हवं तेवढं रुंद करता येत नाही. तिथे आधी कोण, हा प्रश्न सुटत नाही.

आणि तो प्रश्न तंत्राचा नाही, न्यायाचा आहे. ॲरिस्टॉटलने वाटपाच्या न्यायाविषयी म्हटलंय, की ज्याची जशी योग्यता तसा त्याचा वाटा, हे सगळ्यांना मान्य असतं. भांडण असतं ते योग्यता कशावरून ठरवायची यावर. आमच्या रुग्णालयात डॉक्टरांचा आवाज वर, सोनोग्राफीचं चित्र त्याखाली आणि हिशेबखात्याचा बॅकअप तळाला, हे कुणी ठरवायचं? आम्ही चौकशी केली तेव्हा कळलं, की कुणीच ठरवलं नव्हतं. सगळं एकाच वर्गात, एकाच बादलीत. विश्वस्तांना वाटलं हे तंत्रज्ञ बघतील. तंत्रज्ञांना वाटलं करारात असेल. कंपनीने ग्राहकाने काही मागितलं नाही म्हणून नेहमीचं लावून दिलं. मंडळी, हा दोष आमचाही आहे, तो कंपनीवर ढकलून चालणार नाही.

शेवटी काय केलं ते सांगतो. केंद्रातल्या आमच्याच यंत्रावर लोंढा अडवून, रांगेत उभा करून पन्नास मेगाबिटच्या संथ धारेने सोडायची व्यवस्था केली. ६४ किलोबाइटचा अख्खा लोंढा असा सोडायला लागतात साधारण १० मिलिसेकंद. संभाषणासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापुढे दहा म्हणजे काहीच नाही. आवाजाला त्या रांगेत पुढची जागा दिली, म्हणजे त्याला तेवढंही थांबायला नको. आणि कंपनीला विनंती करून बादली मोठी करून घेतली. लाइन तीच, ५० मेगाबिटही तेच. आता चित्रं पोचतात आणि डॉक्टर बोलत असतात. तीन चतुर्थांश टाकून देण्यापेक्षा शंभरावा हिस्सा सेकंद धीर धरणं स्वस्त पडलं.

तुमच्यापैकी कुणी शाळेच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या वतीने असा करार करणार असाल, तर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. एक, बादली केवढी आहे? नुसता दर सांगू नका, बाइट सांगा. दोन, दारात टाकलेल्या फ्रेम्सचा आकडा दरमहा मिळेल का? तीन, मोजणी किती वेळाच्या तुकड्यांत होते आणि त्यातून कोणता काळ वगळता? चौथा प्रश्न कंपनीला नाही, स्वतःच्या मंडळाला विचारायचा आहे. सगळंच एकदम जाणार नसेल तेव्हा आमच्यात आधी कोण, हे आम्ही ठरवलंय का?

एमईएफ १० हा काळजीपूर्वक लिहिलेला दस्तऐवज आहे, असं आमचं मत अजूनही आहे. कंपनीने कोणतं वचन दिलं आणि ते पाळलं का, या प्रश्नाचं उत्तर तो नेमकं देतो. चूक होते ती आपण त्याच उत्तराला ‘सेवा चांगली आहे का’ या प्रश्नाचं उत्तर समजतो तेव्हा. त्या बाईंना रुग्णवाहिकेत बसावं लागलं, त्या दिवशीसुद्धा वचन पूर्णपणे पाळलं गेलं होतं.

आमचं बोलणं इथे थांबवतो. नेटवर्कचं काम करणारी मंडळी समोर बसलेली दिसतायत. आमच्या मांडणीत काही तांत्रिक चूक राहिली असेल तर त्यांनी आधी बोलावं. बाकीचे प्रश्न नंतर घेऊ.